तीनशे सातमधला हात

"या इमारतीत राहून कुणी मरगळून बसलं, तर मी हा धंदा सोडून चौकात छत्र्या दुरुस्त करत बसेन."

उद्घाटनाच्या दिवशी आर्किटेक्टसाहेब माइकवरून हे बोलले आणि समोरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माणसाने बोलावं, पण पाय मागे घ्यायला थोडी जागा ठेवून बोलावं. साहेबांना ती सवय नव्हती. पन्नाशी उलटली तरी त्यांच्या बोलण्यात स्वल्पविराम म्हणून नसे, सगळे पूर्णविरामच.

इमारत होती म्हाताऱ्या माणसांच्या निवासाची. तीन मजले, साठ खोल्या. साहेबांचं म्हणणं असं, की माणसाला औषधापेक्षा घर बरं करतं. म्हणून सकाळचं ऊन नेमकं पलंगावर पडेल अशा खिडक्या, खोलीतली हवा कोंदटली की आपोआप उघडणारी झडप, डोळ्यांना टोचणार नाही असा भिंतींचा रंग. जिना समोर, ऐसपैस, आणि लिफ्ट मागच्या कोपऱ्यात दडवलेली, म्हणजे मंडळी आपसूक चालतील. गुडघे दुखणाऱ्या साठ माणसांनी ती लिफ्ट पहिल्या दिवशी जेवणाच्या आत शोधून काढली, तो भाग वेगळा.

पण साहेबांचा खरा जीव होता तो छतातल्या डोळ्यात. प्रत्येक खोलीच्या छतात पेल्याच्या तोंडाएवढा एक पांढरा डोळा होता आणि खोलीतला माणूस हलतोय की नाही हे तो बघायचा. पहाटे सहा ते रात्री नऊ, माणूस हलला, की गुण. दारावरचा छोटा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे बाहेरच्यांनाही कळावं की आतला माणूस जागा आहे, खुशाल आहे. पंधरा मिनिटं हलला नाही, की हिरवा दिवा बंद आणि खोलीतलाही बंद. कंटाळून का होईना, उठेल! तासभर हलला नाही, की सिस्टर वर येणार आणि टाळ्या वाजवत त्याला व्हरांड्यात फिरवून आणणार. दिवसभराचे मिळून शंभरपैकी गुण. ते प्रवेशद्वाराजवळच्या पडद्यावर खोलीच्या क्रमांकासह झळकायचे आणि नातेवाइकांच्या फोनवरही जायचे.

"मी पस्तीस वर्षं शाळा चालवली," तीनशे सातमधल्या बाई म्हणायच्या, "पण रोज निकाल लावायचा दुष्टपणा मलाही सुचला नाही." या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्यांच्यासमोर ऐंशी वर्षांची माणसंसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावत.

सर्वांत जास्त हाल कुठे झाले ते सांगायला नको. न्हाणीघरातही एक डोळा होता. म्हातारपणी तिथे पंधरा मिनिटं कुणाला पुरतात? तिसऱ्या मजल्यावर दिवसातून चारदा तरी कुणीतरी अंधारात बसून दोन्ही हात हलवत असे.

बाईंच्या शेजारी, तीनशे सहामध्ये, साहेबांचे स्वतःचे वडील होते.

वडील कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. बायको गेली आणि त्यांनी बोलणं सोडलं. भांडून नव्हे, नळ बंद करावा तसं. साहेब एकटा जीव सदाशिव, सकाळी आठला बाहेर पडणार, रात्री नऊला येणार. त्यांच्या बहिणीचं, ताईचं, घर चौथ्या मजल्यावर आणि तिथे लिफ्ट नाही. तेव्हा साहेबांनी वडिलांना उचलून आपल्या इमारतीत आणून ठेवलं.

"बाबा माणूस आहेत, नमुना फ्लॅट नाहीत," ताई म्हणाली.

"दोन महिने दे. नाही सुधारले तर मी त्यांना घरी आणतो आणि काम सोडून घरी बसतो."

"लिहून दे."

त्यांनी लिहून दिलं. पुन्हा पूर्णविराम.

वडिलांनी तीनशे सहामध्ये आल्या आल्या पडदे ओढून घेतले आणि खुर्चीत बसले. पंधरा मिनिटांनी दिवा गेला. वडील तसेच बसून राहिले. तासाने सिस्टर आली, टाळ्या वाजवल्या, फिरवून आणलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा अंधार. साहेब रोज सकाळी चहा पिताना फोन उघडायचे आणि आकडा बघायचे. अकरा. नऊ. बारा. एकदा सात. फोन लावून उपयोग नव्हता, कारण पलीकडे वडील नुसता श्वास घेत बसायचे. साहेबांना खरोखर वाईट वाटायचं. पण वाईट वाटलं की ते तिकडे जायचे नाहीत, झडपेचा कोन बदलायचे.

आणि पाचव्या आठवड्यात आकडा चढला! सेहेचाळीस. एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी.

साहेबांनी तो फोन ताईच्या नाकासमोर धरला. "बघ. माझी इमारत."

"बोलले का काही?"

"अगं, अठ्ठ्याऐंशी गुण आहेत. बोलायला कशाला हवं?"

ताई आठवड्यातून एकदा, रविवारी, बाबांना भेटून यायची. तिला खरा प्रकार ठाऊक होता, पण बाबांनी तिला शपथ घातली होती.

खरा प्रकार असा. एका दुपारी मोठ्या बाई वर्तमानपत्र वाचत होत्या आणि दिवा गेला. त्या चिडून बाहेर आल्या. शेजारचं दार उघडं होतं आणि आत काळोखात कुणीतरी बसलेलं होतं.

"अंधारात बसून काय करताय?"

सात महिन्यांत पहिल्यांदा वडिलांचा आवाज फुटला. "इमारतीला वाटतंय, मी नाहीये."

"मग आहात म्हणून सांगा तिला. मला सुद्धा वाचायचंय."

फिटरला काम सांगितलं आणि तो बसून राहिला, असं कधी होत नाही. तळघरात तीन मोडके टेबल फॅन पडले होते. वडिलांनी एकाची मान फिरवणारी यंत्रणा सोडवून घेतली, तिला काठी बांधली, काठीला लोकरीचा हातमोजा कापूस भरून अडकवला आणि कपाटावर ठेवून बटण दाबलं. हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पण छतातला डोळा काही फसेना. वडील दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातमोज्यातला कापूस काढून आत झिरोचा बल्ब बसवला. लोकर कोमट झाली आणि दारावरचा हिरवा दिवा लागला.

"त्याला दोनच गोष्टी लागतात," त्यांनी बाईंना समजावलं. "ऊब आणि हालचाल. बाकी माणूस नसला तरी चालतो."

महिन्याभरात तिसऱ्या मजल्यावर असे चौदा हात झाले. मंडळींनी आपापल्या मुलांना मोडके टेबल फॅन आणून द्यायला सांगितले. मुलांना वाटलं, उकडत असेल. तीनशे सहा म्हणजे कारखानाच झाला. एक आजी हातमोजे विणायच्या, एक निवृत्त पोस्टमास्तर वायरी सोलायचे, बाई सगळ्यांच्या चुका काढायच्या. पडदे केव्हाच उघडले होते, कारण स्क्रू दिसेनात. वडील बोलत होते, हसत होते, पोस्टमास्तरांना "हात आहेत की पाय?" म्हणून झापत होते. संध्याकाळी ते आणि बाई व्हरांड्याच्या टोकाला बुद्धिबळ खेळायचे. सिस्टरला हा उद्योग दोन दिवसांत कळला होता. पण तिचे टाळ्या वाजवून सुजलेले हात उतरले होते, म्हणून तिने वर बघायचं सोडून दिलं.

साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. आकडा चढल्यापासून ते तिकडे फिरकलेच नव्हते. आकडे उत्तम असताना जायचं कशाला?

मग निरोगी इमारतींच्या स्पर्धेचे परीक्षक पाहणीला यायचे ठरले. सोमवारी सकाळी अकरा वाजता.

रविवारी संध्याकाळी व्हरांड्यात डाव रंगला होता. बुद्धिबळ खेळणारी माणसं विचार करतात, हलत नाहीत, त्यामुळे पंधरा मिनिटांनी तिथला दिवा गेला. पोस्टमास्तरांनी हात हलवून तो परत आणला, तोवर पाचेक सेकंद गेले असतील.

बाई पटाकडे बघत म्हणाल्या, "फिटर, प्यादं हललंय."

"तुमची नजर हलली असेल. वय झालं."

"उद्यापासून माझ्याशी बोलू नका." आणि बाई निघून गेल्या.

सोमवारी साहेब नवा सूट घालून दारात उभे. ताईलाही त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, दोन महिन्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती. मुख्य परीक्षक सभ्य, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. बरोबर दोन सहकारी. त्यांनी ऊन बघितलं, झडप बघितली, भिंतीवरून हात फिरवला आणि पडद्यासमोर येऊन थांबले. सर्वांत वर लिहिलं होतं: खोली ३०७, नव्याण्णव.

"नव्याण्णव?"

"पहाटे सहापासून एक क्षण बसलेल्या नाहीत," साहेब म्हणाले. "वय वर्षं एक्क्याऐंशी."

"यांना भेटायलाच हवं."

ताईने भावाची बाही ओढली. "अरे, वर नको. मी सांगते ते ऐक."

"आज नाही, ताई. आज फक्त बघ."

स्वागतासाठी आणलेला पुष्पगुच्छ साहेबांनी उचलला आणि वरात जिन्यावरून निघाली. लिफ्टचं नाव काढायची सोय नव्हती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मुख्य परीक्षकांना धाप लागली होती आणि साहेब त्यांना त्याचे फायदे सांगत होते.

तीनशे सातच्या दारावर हिरवा दिवा. साहेबांनी टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली.

"कामात असतील. फार उत्साही आहेत."

सिस्टरने किल्ली लावली.

ऊन ठरल्याप्रमाणे पलंगावर पडलं होतं. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. मांडीवर वर्तमानपत्र, नाकावर चष्मा, मान किंचित एका बाजूला. आणि समोरच्या कपाटावरून एक लाल लोकरीचा हात, आतून मंद उजळलेला, सगळ्यांना येताना-जाताना करावा तसा शांतपणे हलत होता. मुख्य परीक्षक चांगल्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी नकळत आपलाही हात वर करून त्याला उत्तर दिलं.

सिस्टरने बाईंचं मनगट धरलं. मग अलगद सोडलं. "थंड पडल्यात. पहाटेच कधीतरी गेल्या असणार."

खाली पडद्यावर त्यांचे नव्याण्णव गुण अजून झळकत होते.

साहेबांनी त्या हाताकडे बघितलं. वायर बघितली, काठीला मारलेली तारेची गाठ बघितली. ती गाठ त्यांच्या ओळखीची होती. लहानपणी पतंगापासून सायकलच्या टोपलीपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू याच गाठीने बांधलेली असायची. त्यांनी खिशातून फोन काढला. तीनशे सहा: एक्क्याण्णव. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चांगल्या आकड्याची भीती वाटली.

ते पुष्पगुच्छासकट धावले.

तीनशे सहाच्या दारावर हिरवा दिवा. दार नुसतं लोटलेलं. कपाटावर निळा हात हलत होता. खुर्ची खिडकीकडे वळवलेली, आणि पाठीवरून फक्त पांढरे केस दिसत होते. ते हलत नव्हते.

"बाबा."

काही नाही.

"बाबा!"

साहेबांचा पाय उंबऱ्यावरून उचलेना. वडिलांचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हे ते आठवू लागले आणि आठवेना. आकडे सगळे आठवत होते. अकरा, नऊ, बारा, सात.

"ओरडू नकोस," खुर्चीतून आवाज आला. "ऐकू येतं मला."

साहेब मटकन पलंगावर बसले. "मग ओ का देत नाही?"

"आज मी कुणाशी बोलत नाहीये. बाई माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून."

आता हे पुढचं सांगायचं कुणी? ताई दारात येऊन उभी होती, पण तिचं तोंड पदरात होतं. शेवटी साहेबांनीच सांगितलं. माइकशिवाय, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबत.

वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी सकाळी दोनदा उठलो होतो. नाश्त्याला हाक मारावी म्हटलं. दारावर हिरवा दिवा होता. म्हटलं, बाई उठल्यात, चांगल्या हिंडतायत, आणि मुद्दाम येत नाहीत. मग मीही नाही गेलो."

"बाबा, तुम्हाला काय माहीत असणार?"

"मला नाही तर कुणाला? हात मी केलाय. त्याच्या आत झिरोचा बल्ब आहे, हे मला ठाऊक. तरी मी दिव्यावर विश्वास ठेवला." त्यांनी आपल्या जाड बोटांकडे पाहिलं. "सगळ्या इमारतीला फसवायला केलं आणि फसलो मीच."

साहेबांना म्हणायचं होतं, मीही.

वडील उठले, कपाटापाशी गेले आणि निळ्या हाताची पिन ओढून काढली. हात मध्येच, कुणाला थांबवावं तसा, अर्ध्यात थबकला.

"आणि प्यादं मीच हलवलं होतं," वडील म्हणाले आणि रडायला लागले. बायको गेली तेव्हाही ते रडले नव्हते. साहेब त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काय करावं ते न कळून त्यांनी पुष्पगुच्छ पुढे केला, आणि वडिलांनीही तो घेतला.

दुपारी सगळं आवरल्यावर साहेबांनी कागदाला जागायचं ठरवलं. "बाबा, घरी चला. मी काम सोडतो."

"घरी काय आहे?"

"मी आहे."

"तू फोनवर असतोस," वडील म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "इथे पोस्टमास्तर आहे. त्याला अजून वायर सोलता येत नाही. मी इथेच राहतो. ते डोळे तेवढे काढ."

डोळे निघाले. पडदाही निघाला. त्या जागी तिसऱ्या मजल्याने आपला नियम केला. रोज सकाळी साडेसहाला प्रत्येकाने शेजारच्याची भिंत ठोकायची आणि पलीकडून शिवी आली पाहिजे. नुसती परत ठोकलेली चालणार नाही, कारण ठोकायला काहीही बांधता येतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. शिवी मात्र दररोज वेगळी हवी. तीनशे सातची भिंत अजून रिकामी आहे. वडील तीही ठोकतात, जरा थांबतात आणि मग चहाला जातात.

स्पर्धेचा निकालही लागला. उत्तेजनार्थ! परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'रहिवाशांचा एकमेकांवरील जिव्हाळा हे या इमारतीचं मोठं बलस्थान आहे. मात्र त्याचा रचनेशी काही संबंध आढळला नाही.' साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि खणात ठेवला. चौकात छत्री दुरुस्तीची एक टपरी होती. तिच्यासमोरून जाताना ते हल्ली फुटपाथ बदलतात.

वडिलांनी मात्र मुलालाही नियमात घेतलं. रोज सकाळी सातला साहेबांचा फोन वाजतो.

"आहेस?"

"आहे, बाबा."

"बरं." आणि फोन बंद. शिवीची सक्ती मुलाला नव्हती, तेवढी सवलत. पहिल्या आठवड्यात साहेबांना याची गंमत वाटली, दुसऱ्या आठवड्यात ते सहा पन्नासपासून फोनकडे बघत बसू लागले.

गेल्या मंगळवारी ते न्हाणीघरात होते. तोंडाला साबण, कानात पाणी. सात वाजता फोन वाजला, सात पाचला वाजला, सात दहाला वाजला. सात वीसला बाहेर धाडधाड आवाज झाला, पाठोपाठ लाकूड फुटल्याचा, आणि न्हाणीघराचं दार बिजागरीसकट आत आलं. समोर साहेबांच्या सोसायटीचा वॉचमन हातात पहार घेऊन, त्याच्या मागे वरच्या मजल्यावरचे दोन शेजारी, आणि त्यांच्या मागे, चार मजले उतरून आणि रिक्षाने येऊन धापा टाकत असलेली ताई.

साहेबांनी कमरेला टॉवेल घट्ट धरला आणि उरलेला हात वर करून हलवला. "अरे, आहे. मी आहे."

वॉचमनने पहार खाली ठेवली आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये म्हणाला, "आहेत, काका. उभे आहेत. हात हलवतायत." मग तो बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला, साहेबांकडे खालून वर नीट बघितलं, आणि फोनवर हात ठेवून अदबीने म्हणाला,

"साहेब, काका म्हणतात, हाताचं राहू दे. त्याला शिवी द्यायला सांग."